वाचकांचे प्रश्न : हॅस्केलमधून रिलेशनल डेटाबेस तयार करणे आणि उघडणे

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच जागी अडलेल्या वाचकांची आहेत. भाषेचे व्याकरण अंगवळणी पडले आहे, याद्यांवर 'मॅप' आणि 'फिल्टर' चालवता येतात, पण पहिला खरा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि माहिती कायमची साठवायची वेळ आली की गाडी अडते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. उदाहरणे मुख्यतः हॅस्केलमधली आहेत आणि डेटाबेस एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये राहणारा) व पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा) हे आहेत. कोडमधली नावे सदराच्या रीतीप्रमाणे देवनागरीत छापली आहेत.

प्रश्न : हॅस्केलमधले फंक्शन शुद्ध असते, म्हणजे तेच इनपुट दिले की दरवेळी तेच उत्तर मिळते, असे मी शिकलो. डेटाबेस उघडणाऱ्या फंक्शनला मात्र तेच नाव दिले तरी कधी कनेक्शन मिळते, कधी एरर येते. मग हे फंक्शन शुद्ध कसे म्हणायचे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर त्या फंक्शनच्या टाइपमध्येच लिहिलेले आहे. 'एसक्यूलाइट-सिंपल' या लायब्ररीतले 'ओपन' घ्या. त्याचा टाइप 'स्ट्रिंग → आयओ कनेक्शन' असा आहे. 'स्ट्रिंग → कनेक्शन' असा नाही. म्हणजे फाइलचे नाव दिल्यावर हातात कनेक्शन पडत नाही, तर कनेक्शन मिळवण्याची कृती पडते. तेच नाव दिले की तीच कृती मिळते, त्यामुळे फंक्शनच्या शुद्धतेला बाध येत नाही. ती कृती प्रत्यक्ष पार पडते ती प्रोग्रॅमच्या 'मेन'मध्ये ती गुंफली गेल्यावर, आणि त्या क्षणी डिस्कवर फाइल आहे की नाही, वाचायची परवानगी आहे की नाही, यावर तिचे फलित अवलंबून राहते.

याचा रोजच्या कामात होणारा उपयोग मला या तात्त्विक स्पष्टीकरणाहून मोठा वाटतो. समजा आपण ग्रंथालयासाठी प्रोग्रॅम लिहीत आहात आणि पुस्तक परत करायला किती दिवस उशीर झाला हे काढणारे फंक्शन दोन तारखा घेऊन एक पूर्णांक देते. त्याच्या टाइपमध्ये 'आयओ' नाही, म्हणून ते गुपचूप डेटाबेस उघडून बसलेले नाही याची हमी कंपायलर देतो. कोणता कोड डेटाबेसला हात लावतो आणि कोणता लावत नाही, हे टाइपवरून नजर फिरवताच कळते. म्हणून माझा आग्रह असा की डेटाबेस तयार करणे, उघडणे आणि बंद करणे ही तिन्ही कामे एका मॉड्यूलमध्ये ठेवावीत आणि हिशेब करणाऱ्या फंक्शनांना फक्त वाचून झालेल्या नोंदी द्याव्यात, कनेक्शन देऊ नये. पायथनमधून आलेल्या माणसाला सवयीने प्रत्येक फंक्शनला कनेक्शन द्यावेसे वाटते. सुरुवातीचा एक आठवडा ही सवय मोडण्यात जातो, पण तो सत्कारणी लागतो.

प्रश्न : माझा प्रोग्रॅम माझ्या संगणकावर नीट चालत होता. तोच वेळापत्रकानुसार आपोआप चालवायला ठेवला तर 'नो सच टेबल' अशी एरर येऊ लागली. डेटाबेसची फाइल मी कुठेही हलवलेली नाही. उघडताना काहीच तक्रार येत नाही, पहिल्या क्वेरीला मात्र सगळे कोलमडते. असे का व्हावे?

उत्तर : आपला डेटाबेस जिथे होता तिथेच सुखरूप असणार. प्रोग्रॅम दुसराच डेटाबेस उघडत आहे आणि तो त्याने स्वतःच नुकताच तयार केलेला आहे. ज्या डिरेक्टरीतून तो आपोआप चालतो तिथे जाऊन पाहिलेत तर त्याच नावाची शून्य बाइटची एक फाइल सापडेल.

असे घडते याचे कारण एसक्यूलाइटच्या जुन्या आणि साध्या ओपन फंक्शनचा स्वभाव. दिलेल्या नावाची फाइल असेल तर ते ती वाचन-लेखनासाठी उघडते आणि नसेल तर नवी तयार करते. शून्य बाइटची फाइल एसक्यूलाइटच्या दृष्टीने वैध, रिकामा डेटाबेस असतो, म्हणून तक्रारीला कारण उरत नाही. शिवाय उघडताना फाइलच्या पोटात काय आहे हे वाचलेही जात नाही. खऱ्या डेटाबेस फाइलच्या पहिल्या 16 बाइटांत 'एसक्यूलाइट फॉरमॅट 3' ही ओळख आणि शेवटी एक शून्य बाइट असतो, पण ती ओळख तपासली जाते ती पहिली क्वेरी आल्यावर. म्हणूनच चुकून एखादी चित्राची फाइल दिली तरी 'ओपन' यशस्वी होते आणि 'ही डेटाबेस फाइल नाही' ही एरर दहा ओळींनंतर, भलत्याच ठिकाणी उगवते. त्यात आपण नाव सापेक्ष दिले असणार, म्हणजे पूर्ण मार्ग न देता नुसते फाइलचे नाव. सापेक्ष नावाचा अर्थ चालू डिरेक्टरीप्रमाणे बदलतो, आणि वेळापत्रकानुसार चालणाऱ्या प्रोग्रॅमची चालू डिरेक्टरी आपल्या नेहमीच्या डिरेक्टरीहून वेगळी असते.

तात्पुरता उपाय म्हणजे पूर्ण मार्ग देणे. तेवढ्यावर मात्र थांबू नये, कारण खरी उणीव 'तयार करणे' आणि 'उघडणे' ही दोन कामे एकाच फंक्शनवर सोपवण्यात आहे. तयार करताना फाइल आधीपासून असणे ही चूक मानली पाहिजे, उघडताना फाइल नसणे ही चूक मानली पाहिजे, आणि एकाच फंक्शनला दोन्ही चुका ओळखता येत नाहीत. एसक्यूलाइटच्या नव्या सी फंक्शनला फक्त वाचन, वाचन-लेखन आणि हवे तर निर्मिती असे वेगवेगळे झेंडे, म्हणजे फ्लॅग, देता येतात. रॅकेट या भाषेच्या डेटाबेस लायब्ररीने हा भेद थेट वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवला आहे. तिथे कनेक्ट करताना 'मोड' सांगता येतो. काहीच सांगितले नाही तर तो 'रीड/राइट' धरला जातो आणि फाइल नसेल तर एरर येते. नवी फाइल हवी असेल तर 'क्रिएट' असे स्पष्ट लिहावे लागते. मला ही रचना फार योग्य वाटते.

हॅस्केलमध्ये आपण स्वतः दोन फंक्शने लिहावीत. पहिले, 'डेटाबेसतयारकर', आधी 'डझफाइलएग्झिस्ट'ने तपासते की फाइल नाही, मग उघडते, टेबले तयार करते आणि फाइलच्या शीर्षात दोन आकडे लिहून ठेवते. त्यांपैकी एक 'ॲप्लिकेशन आयडी', म्हणजे ही फाइल आपल्याच प्रोग्रॅमची आहे अशी खूण, आणि दुसरा 'यूजर व्हर्जन', म्हणजे स्कीमाची (टेबलांच्या रचनेची) आवृत्ती. शीर्ष 100 बाइटांचे असते आणि त्यात या दोन्ही आकड्यांसाठी प्रत्येकी चार बाइट राखून ठेवलेले आहेत. एसक्यूलाइट स्वतः त्यांचा कशासाठीही उपयोग करत नाही, ते आपल्यासाठीच आहेत. दुसरे फंक्शन, 'डेटाबेसउघड', फाइल आहे हे तपासते, उघडते आणि लगेच हे दोन आकडे वाचते. त्याचे उत्तर नुसते कनेक्शन नसावे. 'फाइल नाही', 'फाइल आपली नाही', 'स्कीमा जुना आहे' आणि 'तयार आहे, हे घ्या कनेक्शन' असे चार पर्याय असलेला टाइप आपण घोषित करावा. तो वापरणाऱ्याने एखादा पर्याय हाताळायचा राहिला तर योग्य इशारे चालू ठेवलेला कंपायलर ते दाखवून देतो. तपासणी आणि उघडणे यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने फाइल काढून टाकण्याची शक्यता तत्त्वतः राहते, पण तसे झाले तरी आकडे वाचताना शून्य मिळतील आणि गोष्ट उघडकीस येईल.

प्रश्न : डेटाबेस बंद केल्यावरही त्याच्या शेजारी त्याच नावाच्या पण शेवटी 'वॉल' आणि 'एसएचएम' अशी अक्षरे जोडलेल्या दोन फाइली उरतात. त्या काढून टाकल्या तर चालेल का?

उत्तर : कृपया काढू नका. 'वॉल' या फाइलमध्ये कमिट झालेली, म्हणजे कायम करून टाकलेली, पण मूळ फाइलमध्ये अजून न उतरवलेली माहिती असू शकते. ती फाइल काढली तर ती माहिती गेली. बॅकअप घेताना फक्त मूळ फाइल उचलणाऱ्यांचेही असेच नुकसान होते. बदल आधी 'वॉल' फाइलमध्ये लिहिण्याची ही पद्धत एसक्यूलाइटमध्ये 2010 साली, 3.7.0 या आवृत्तीत आली. लिहिणे चालू असतानाही इतरांना वाचता यावे हा तिचा मोठा फायदा आहे.

आपल्या पत्रातला 'बंद केल्यावरही' हा शब्दप्रयोग मात्र मला खटकला. शेवटचे कनेक्शन रीतसर बंद झाले की सर्व नोंदी मूळ फाइलमध्ये उतरवल्या जातात आणि या दोन्ही फाइली सर्वसाधारणपणे नाहीशा होतात. त्या उरत असतील तर कुठेतरी एखादे कनेक्शन उघडेच राहते आहे. आपण 'ओपन' आणि 'क्लोज' स्वतंत्रपणे लिहीत असाल आणि त्यांच्या मधल्या कोडमध्ये एरर आली तर 'क्लोज'पर्यंत प्रोग्रॅम पोहोचतच नाही. 'विथकनेक्शन' वापरा. ते फाइलचे नाव आणि कनेक्शन घेऊन काम करणारे आपले फंक्शन, असे दोन आर्ग्युमेंट घेते. आतून ते 'ब्रॅकेट' या प्रमाणित फंक्शनचाच आधार घेते : आधी मिळवायचे, मग वापरायचे, आणि वापरताना काहीही झाले तरी शेवटी सोडायचे.

प्रश्न : 'ब्रॅकेट' वापरूनही माझी अडचण आहे. कनेक्शनच्या आत क्वेरी चालवून मिळालेली यादी मी बाहेर आणतो आणि बाहेर तिची लांबी मोजतो, तर यादी अर्धवट तरी निघते किंवा एरर तरी येते. आतच लांबी छापून पाहिली तर मात्र सगळ्या ओळी हजर असतात!

उत्तर : या सदराकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या तक्रारींमधली ही सर्वांत जुनी तक्रार असावी. आपण छापून पाहिलेत आणि यादी पूर्ण निघाली, यातच तिचे उत्तर दडलेले आहे.

हॅस्केल आळशी भाषा आहे : एखादे मूल्य लागेपर्यंत ते काढले जात नाही. 'एचडीबीसी' या जुन्या लायब्ररीत 'क्विकक्वेरी' हे फंक्शन याच आळशीपणाचा लाभ घेते. ते यादी देते, पण त्या यादीतली पुढची ओळ आपण मागू तेव्हाच डेटाबेसकडून आणते. मोठे टेबल वाचताना सगळ्या ओळी एकदम मेमरीत येऊ नयेत हा त्यामागचा चांगला हेतू. आता घटनाक्रम पाहू. 'ब्रॅकेट'च्या आत क्वेरी सुरू झाली, यादीचे वचन मिळाले, ते वचन घेऊन आपण बाहेर आलात, 'ब्रॅकेट'ने नियमाप्रमाणे कनेक्शन बंद केले, आणि मग आपण लांबी मोजायला घेतली. ओळी आणायच्या तर दार बंद. आत छापून पाहिलेत तेव्हा छापण्यासाठी सगळ्या ओळी लागल्या, म्हणून त्या दार उघडे असतानाच आल्या आणि चूक झाकली गेली. क्लोजर या भाषेत 'विथ-ओपन'च्या आत 'मॅप' लिहून त्याचे फलित बाहेर नेणाऱ्यांनाही अगदी हीच ठेच लागते.

एचडीबीसीमध्ये त्याच फंक्शनचे शेवटी अवतरणाची टिकली असलेले रूप आहे. ते सर्व ओळी ताबडतोब आणते. शंभर-दोनशे ओळींसाठी ते पुरेसे आहे. 'एसक्यूलाइट-सिंपल'मधली 'क्वेरी' मुळातच सर्व ओळी वाचून मगच यादी परत करते, त्यामुळे नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती वापरावी. टेबल खरोखरच मोठे असेल तर यादीची कल्पनाच सोडून द्यावी आणि त्याच लायब्ररीतले 'फोल्ड' वापरावे. प्रत्येक ओळ आली की आतापर्यंतच्या बेरजेत, मोजणीत किंवा सारांशात ती मिसळायची आणि पुढे जायचे, म्हणजे मेमरीत एका वेळी एकच ओळ राहते आणि कनेक्शन बंद होण्याआधी काम पुरे होते. यात एक पथ्य आहे. साठवत जाणारे मूल्यही आळशी राहिले तर लाखो अपूर्ण बेरजांची साखळी मेमरीत साचते, तेव्हा ते प्रत्येक पायरीला पूर्ण काढून घ्यावे.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे 'विथकनेक्शन'ला 'रिटर्न' हेच फंक्शन देऊन कनेक्शनच बाहेर काढणे. टाइप जुळतात, कंपायलर हरकत घेत नाही, आणि हाती येते ते बंद झालेले कनेक्शन. यावर टाइपच्याच पातळीवर उपाय आहे. 1994 साली लाँचबरी आणि पेटन जोन्स यांनी स्थानिक बदलती अवस्था आतल्या आत कोंडून ठेवण्यासाठी टाइपला एक जास्तीचे चल जोडण्याची युक्ती मांडली. तीच कनेक्शनला लावली तर कनेक्शन बाहेर नेण्याचा प्रयत्न कंपाइल होतानाच अडवला जातो. मोठ्या, अनेकांनी मिळून लिहायच्या प्रोग्रॅममध्ये हा खटाटोप करावा. एकट्याच्या प्रोग्रॅममध्ये शिस्त पुरते.

प्रश्न : प्रोग्रॅम सुरू होताना मी प्रत्येक टेबलासाठी 'क्रिएट टेबल इफ नॉट एग्झिस्ट्स' चालवते. आता एका टेबलात नवा रकाना हवा आहे. विधानात तो जोडला, पण प्रत्यक्ष टेबलात तो येत नाही. टेबल पुसून नव्याने तयार करण्यावाचून गत्यंतर नाही का?

उत्तर : टेबल मुळीच पुसू नका. आपले विधान फक्त एवढेच विचारते की या नावाचे टेबल आहे का. असेल तर त्याचे रकाने कोणते, ते आपण लिहिलेल्या रकान्यांशी जुळतात की नाही, हे न पाहता ते गप्प परत फिरते. म्हणून पहिल्या दिवशी ते सोयीचे वाटते आणि पहिल्या बदलापासून फसवू लागते.

इथे फंक्शनल पद्धतीने विचार करण्याचा खरा लाभ मिळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. स्कीमा म्हणजे 'आत्ता टेबले अशी आहेत' असे चित्र न मानता त्याला पायऱ्यांची यादी माना. पहिली पायरी : 'पुस्तके' हे टेबल तयार करणे. दुसरी : 'सभासद' हे टेबल तयार करणे. तिसरी : 'पुस्तके' या टेबलात 'प्रकाशनवर्ष' हा रकाना जोडणे. रिकाम्या डेटाबेसपासून सुरुवात करून या पायऱ्या डावीकडून क्रमाने लावत गेले की आजचा स्कीमा मिळतो. यादीवर चालणारा 'फोल्ड' आपण रोज वापरता, हा तोच.

आता डेटाबेसमध्ये 'यूजर व्हर्जन' या आकड्यात आतापर्यंत किती पायऱ्या लावून झाल्या हे लिहून ठेवा. नव्या फाइलमध्ये तो शून्य असतो. प्रोग्रॅम सुरू होताना तो आकडा वाचायचा, यादीतून तेवढ्या पायऱ्या 'ड्रॉप' करायच्या आणि उरलेल्या एकेक करून चालवायच्या. आपल्या जुन्या फाइलसाठी आकडा 2 असेल तर फक्त तिसरी पायरी चालेल, कोऱ्या फाइलसाठी तिन्ही चालतील, आणि अद्ययावत फाइलसाठी यादी रिकामी उरेल व काहीच होणार नाही. कोणत्या पायऱ्या उरल्या हे ठरवणारे फंक्शन शुद्ध आहे, आकडा आणि यादी घेऊन यादी देते, त्यामुळे डेटाबेस न उघडताच त्याची चाचणी घेता येते. पायऱ्या प्रत्यक्ष चालवण्याची चाचणी ':मेमरी:' या खास नावाच्या, फक्त मेमरीत राहणाऱ्या डेटाबेसवर घ्यावी. असा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र असतो आणि कनेक्शन बंद होताच नाहीसा होतो, हे लक्षात असू द्यावे.

दोन नियम काटेकोरपणे पाळावेत. एकदा वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचलेली पायरी कधीही बदलू नये. ती चुकली असेल तर ती दुरुस्त करणारी नवी पायरी यादीच्या शेवटी जोडावी. आणि प्रत्येक पायरी व तिच्यानंतरचा वाढवलेला आकडा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्रच कायम होणाऱ्या किंवा एकत्रच मागे घेतल्या जाणाऱ्या बदलांच्या गटात, लिहावा. एसक्यूलाइटमध्ये टेबल तयार करणे आणि हा आकडा बदलणे या दोन्ही गोष्टी ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पायरी पूर्ण लागलेली असते किंवा मुळीच लागलेली नसते. पोस्टग्रेसमध्येही टेबलांची रचना बदलणारी विधाने ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात. मायएसक्यूएलमध्ये मात्र असे विधान आले की चालू ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट होते, म्हणून तिथे एका पायरीत एकच बदल ठेवण्याची दक्षता घ्यावी.

आपण टेबलांमध्ये परकी कळ (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा निर्देश करणारा रकाना) वापरत असाल तर एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती उघडण्याच्या क्षणाशीच जोडलेली आहे. एसक्यूलाइट परकी कळ घोषित करू देते, पण ती पाळली जाते की नाही याची तपासणी नेहमीच्या बांधणीत बंद असते, आणि ती प्रत्येक कनेक्शनवर नव्याने चालू करावी लागते. ती चालू करणारे 'प्राग्मा फॉरिन कीज' हे विधान ट्रान्झॅक्शनच्या आत लिहिले तर त्याचा काहीच परिणाम होत नाही आणि एररही येत नाही. माझ्या एका प्रोग्रॅममध्ये हे विधान अनवधानाने ट्रान्झॅक्शनच्या आत गेले होते. ज्या सभासदाची नोंद काढून टाकली होती त्याच्या नावावर पुस्तके दिसू लागली तेव्हा ते ध्यानात आले. तेव्हापासून माझ्या 'डेटाबेसउघड' या फंक्शनमध्ये फाइल उघडल्यावरची पहिली ओळ तीच असते आणि दुसऱ्या ओळीत तो प्राग्मा परत वाचून मी 1 आला आहे याची खात्री करतो.

प्रश्न : पोस्टग्रेसमध्ये प्रोग्रॅममधूनच नवा डेटाबेस तयार करायचा आहे. ज्या डेटाबेसला जोडायचे तोच अजून अस्तित्वात नाही, मग 'क्रिएट डेटाबेस' हे विधान पाठवायचे कुठे?

उत्तर : सर्व्हर बसवताना 'पोस्टग्रेस' याच नावाचा एक डेटाबेस तयार होतो, त्याला जोडून घ्या. तिथून विधान पाठवा, ते कनेक्शन बंद करा आणि मग नव्या डेटाबेसला दुसरे कनेक्शन करा. एकाच कनेक्शनवरून डेटाबेस बदलण्याची सोय तिथे नाही.

हे विधान ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून जी लायब्ररी आपोआप ट्रान्झॅक्शन सुरू करते तिच्यातून ते नाकारले जाईल. 'पोस्टग्रेसक्यूएल-सिंपल'मधले 'एक्झिक्यूट' स्वतःहून ट्रान्झॅक्शन सुरू करत नाही, तेव्हा 'विथट्रान्झॅक्शन'मध्ये न गुंडाळता ते वापरावे. टेबलासाठी असते तशी 'इफ नॉट एग्झिस्ट्स'ची सवलत पोस्टग्रेस डेटाबेससाठी देत नाही. आधी विचारून मग तयार करण्यापेक्षा सरळ तयार करायला सांगावे आणि '42पी04' हा एरर कोड आला तर तो डेटाबेस आधीच आहे असे समजावे, कारण विचारणे आणि तयार करणे यांच्या मधल्या वेळात दुसऱ्या प्रोग्रॅमने तो तयार करून टाकला तरी ही रीत टिकते. डेटाबेसचे नाव प्रश्नचिन्हाच्या जागी मूल्य म्हणून भरता येत नाही. ते विधानाचाच भाग असते, म्हणून बाहेरून आलेले नाव तिथे कधीही जोडू नये, कोडमध्ये लिहिलेलेच वापरावे.

प्रश्न : प्रत्येक क्वेरीसाठी कनेक्शन उघडावे की एकच कायम उघडे ठेवावे?

उत्तर : एसक्यूलाइटसाठी, एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये) चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरुवातीला एकदा उघडून शेवटी बंद करावे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हर एक स्वतंत्र प्रोसेस चालवतो आणि मूळ मांडणीत कनेक्शनांची मर्यादा 100 असते, त्यामुळे दर विनंतीला नवे कनेक्शन उघडणारा प्रोग्रॅम गर्दी होताच अडखळतो. तिथे 'रिसोर्स-पूल' ही लायब्ररी वापरून दहाएक कनेक्शनांचा साठा ठेवावा आणि लागेल तेव्हा त्यातले एक घेऊन काम होताच परत करावे. घेणे व परत करणे हेही आतून 'ब्रॅकेट'च्याच धर्तीवर होते.

प्रश्न : रिलेशनल डेटाबेस आणि फंक्शनल प्रोग्रॅमिंग यांचा मुळात काही संबंध आहे का, की आपण दोन परक्या गोष्टी एकत्र बांधत आहोत? वाचलेल्या ओळीचे हॅस्केलच्या मूल्यात रूपांतर करताना तर मला सतत एरर येतात.

उत्तर : या दोन्ही गोष्टी गणिताच्या एकाच घरातल्या आहेत. आयबीएममध्ये काम करणारे गणितज्ञ एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल मांडले ते संबंध या गणिती कल्पनेवर, म्हणजे संचांवर. त्यांच्या बीजगणितात प्रत्येक क्रिया एक किंवा दोन संबंध घेते आणि नवा संबंध देते, जुन्याला धक्का लावत नाही. अटीत बसणाऱ्या ओळी निवडणे हा 'फिल्टर' आहे, हवे तेवढे रकाने घेणे हा 'मॅप' आहे, आणि क्रियांची साखळी करणे म्हणजे फंक्शनांची जोडणी. एसक्यूएलची टेबले एकच ओळ दोनदा ठेवू देतात, तेवढ्यापुरती ती संचापासून दूर आणि यादीच्या जवळ जातात. 'ओपलाय', 'बीम' आणि 'एस्केलेटो' या हॅस्केलच्या लायब्ररी याच नात्यावर उभ्या आहेत. त्यांत क्वेरी हे टाइप असलेले मूल्य असते, ते जोडता येते, फंक्शनला देता येते, आणि डेटाबेस उघडण्याआधीच त्यातली रकान्यांची चूक कंपायलरला सापडते.

आपल्या एररचे कारण मात्र या नात्यातल्या एका फटीत आहे. आपण पाठवलेल्या नोंदीत 'प्रकाशनवर्ष' हा पूर्णांक आहे, आणि आपल्या टेबलात तो रकाना नंतर जोडलेला आहे. आधीच्या सर्व ओळींमध्ये तिथे 'नल', म्हणजे मूल्यच नसल्याची खूण, आहे. ओळीचे मूल्यात रूपांतर करणाऱ्या 'फ्रॉमरो'ने त्या ओळी वाचायला घेतल्या की एरर उठते, आणि ती योग्यच आहे, कारण नसलेल्या वर्षाला पूर्णांक म्हणता येत नाही. टाइप 'मेबी इंट' असा करा, म्हणजे 'नल'चे 'नथिंग' होईल आणि वर्ष माहीत नसलेल्या पुस्तकाचे काय करायचे हे आपल्याला प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागेल. तिथे शून्य भरून वेळ मारून नेण्याचा मोह होईल, पण तसे केले तर पुढे वर्षांची सरासरी काढणारे फंक्शन निमूटपणे चुकीचे उत्तर देईल.

आपल्या पत्रातली दुसरी एरर वेगळी आहे. पूर्णांकाच्या रकान्यात एका ओळीत मजकूर निघाला. एसक्यूलाइट नेहमीच्या टेबलात रकान्याच्या टाइपला सूचना मानते, बंधन मानत नाही. पूर्णांकात रूपांतर न होणारा मजकूर आला तर तो तसाच ठेवला जातो. 2021 साली आलेल्या 3.37.0 या आवृत्तीपासून 'क्रिएट टेबल'च्या शेवटी 'स्ट्रिक्ट' हा शब्द लिहिता येतो आणि मग असा मजकूर लिहितानाच नाकारला जातो. नवी टेबले तशीच तयार करा. जुने टेबल तिथल्या तिथे 'स्ट्रिक्ट' करता येत नाही. त्यासाठी पायऱ्यांच्या यादीत एक पायरी जोडा : नव्या नावाने 'स्ट्रिक्ट' टेबल तयार करणे, जुन्यातल्या ओळी त्यात उतरवणे, जुने टेबल काढणे आणि नव्याला जुने नाव देणे. ती पायरी चालवण्याआधी 'टाइपऑफ' या फंक्शनने जुन्या टेबलातल्या त्या रकान्यात मजकूर असलेल्या ओळी शोधून दुरुस्त करा, कारण तशी एक जरी ओळ उरली तरी उतरवणे तिथेच थांबेल आणि पूर्ण पायरी मागे घेतली जाईल.